चौथाईबाईचं गणित

आमची बाई अंतराची गोष्ट कधी साधी सोडत नसे. लांज्याच्या स्टँडवर कुणी सहज म्हणालं, "बाई, जरा मागे सरका," तर ही विचारायची, "किती? दुप्पट मागे सरकले तर बल चौथाई होईल, चालेल?" समोरचाच मग दोन पावलं मागे सरकायचा. ज्युनियर कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची. विजेचा भार असलेल्या दोन वस्तू एकमेकींना किती जोराने ओढतात किंवा ढकलतात, ते काढायचं गणित तिच्या विशेष जिव्हाळ्याचं. अंतर दुप्पट, बल चौथाई. अंतर तिप्पट, बल नववा हिस्सा. पोरांनी तिचं नाव चौथाईबाई पाडलं होतं. ती माझी बायको. सगळं गाव बाई म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणायचो.

मी सातवीत शाळा सोडली. बत्तीस वर्षं काजूच्या कारखान्यात काट्यावर होतो, माल जोखायला. लग्नात ती बारावी झालेली होती. पुढचं रत्नागिरीला जाऊन-येऊन शिकली. तेव्हा सकाळचा भात मी शिजवायचो. आम्हाला मूल नाही, आणि त्यावर मला जास्त लिहायचं नाही. लोक बोलायचे. एका लग्नाच्या पंगतीत एकजण तिला तोंडावर म्हणाला, "तुम्ही एवढ्या शिकलेल्या आणि आमचे भाऊ काट्यावर. जमतं कसं तुमचं?" बाईने ताकाची वाटी खाली ठेवली. "एक भार मोठा असो, एक लहान असो. मोठा लहानाला जेवढा ओढतो, नेमका तेवढाच लहान मोठ्याला ओढतो. पुस्तकात आहे. वाचून बघा." मला वाटलं, नवऱ्याची बाजू घ्यायची म्हणून काहीतरी बोलली. पण ते खरंच पुस्तकात आहे.

हा धडा कोकणात शिकवायचा म्हणजे हवेशी भांडण. दोन फुगे लोकरीवर घासायचे, दोऱ्याने शेजारी-शेजारी टांगायचे. ते एकमेकांना ढकलून लांब होतात. पण श्रावणात आमच्याकडची हवा एवढी ओली, की भार टिकतच नाही. फुगे ढिम्म. "पुस्तक कुठल्यातरी कोरड्या गावात बसून लिहिलंय," म्हणून ती वैतागायची. मी म्हटलं, "काजूगर सुकवायची आमची गरम खोली आहे ना. आत ठणठणीत कोरडं असतं. सुट्टीच्या दिवशी आण तुझी पोरं." मालक आधी नाही म्हणाला. गरात केस पडला तर माल परत येतो. मग पोरं डोक्याला फडकी बांधून आली, कामावरच्या बायका बांधतात तशी. बाईने पण बांधलं. फुगे टांगले आणि घासले, तर ते असे फाकले की मधे माझा हात मावला. बाई सगळ्यांच्या देखत मला म्हणाली, "अहो, शंभरपैकी शंभर." पुढे दरवर्षी तिचा वर्ग आमच्या त्या खोलीत भरायचा. मला जन्मात शंभर मार्क मिळाले ते तेवढेच.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत तिच्या पोटात गाठ निघाली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सगळं केलं आणि शेवटी घरी न्यायला सांगितलं. घरी येऊन आठवडा झाला. मग एक दिवस चहाच्या वेळी म्हणाली, "अहो, एवढ्या लोकांच्या पोरांना शिकवलं, घरातला एक राहिला. तुमच्या हातून एक गणित बरोबर आलं, की मी मोकळी."

मी म्हटलं, "आता या वयात काय शिकतोय गो मी?"

"वही आणा."

गणित असं होतं. एका गोळ्यावर दोन मायक्रोकूलोम भार, दुसऱ्यावर तीन. मधे अंतर तीस सेंटिमीटर. त्यांच्यातलं बल काढा. दोन्ही भारांचा गुणाकार करायचा, त्याला नवावर नऊ शून्यं एवढ्या आकड्याने गुणायचं आणि अंतराच्या वर्गाने भागायचं. रोज चार वाजता चहा झाला की मी तिच्या खाटेशी बसून ते सोडवायचो, आणि ती पडल्या-पडल्या लाल पेन्सिलीने तपासायची. सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत म्हणून आधी चुकलो. मग मायक्रो म्हणजे दहा लाखावा हिस्सा, त्याच्या शून्यांत चुकलो. एकदा तर गोळे दोन आणि उत्तर एकच कसं, म्हणून मी बलाची दोन उत्तरं लिहिली, एकेका गोळ्याचं वेगळं. ती म्हणाली, "पंगतीत सांगितलं होतं ना मी?"

दहाव्या-अकराव्या दिवशी मला ते गणित समजलं. पेन हातात धरला आणि उत्तर आधीच दिसलं. शून्य पूर्णांक सहा. एक बरोबर आलं की मी मोकळी, असं ती म्हणाली होती. डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलं होतं, पण माझा विश्वास बाईच्या शब्दावर जास्त. मी चुकीचं उत्तर लिहिलं.

त्या दिवसापासून मी रोज मुद्दाम चुकलो. बरेच दिवस निभावलं. मग एका दुपारी काही सुचेना, म्हणून वर्ग करताना तीन त्रिक सहा लिहून मोकळा झालो. तिने पेन्सिल थांबवली.

"काट्यावर बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचं तीन त्रिक सहा होतं?"

मी वही परत घ्यायला हात पुढे केला.

"अहो, मी हजारो पेपर तपासलेत. खरी चूक कशी दिसते ते मला माहीत आहे. चुकायचं तर नीट चुका. पोरं वर्ग करायला विसरतात. तुम्ही उद्या तसं विसरा."

दुसऱ्या दिवशी मी वर्ग विसरलो. तिने लाल गोल केला आणि म्हणाली, "हं, ही चूक शोभली." त्यानंतर आमचं तसंच चालू राहिलं. काय चुकायचं ते ती आदल्या दिवशी सांगायची, मी चुकायचो, ती गोल करायची.

मग औषधाने वेदना थांबेना. ती उशीचं टोक दातांत धरायची, आवाज येऊ नये म्हणून. एकदा चार वाजता मी वही घेऊन बसलो तर म्हणाली, "आज बरोबर करा."

मी म्हटलं, "अजून काही दिवस जाऊ देत."

"बरोबर करा, अहो. दमले मी."

मी केलं. एक-एक पायरी लिहिली. मीटर केले, गुणलं, तीन त्रिक नऊ केले, भागलं. शून्य पूर्णांक सहा. वही तिच्यापुढे धरली. बराच वेळ तिने वरून खाली पाहिलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"शून्य पूर्णांक सहा काय? नारळ? एकक कुठंय?"

न्यूटन लिहायचं राहिलं होतं. देवाशपथ सांगतो, ते मी मुद्दाम केलं नव्हतं. खरंच विसरलो होतो. मी तसं तिला म्हटलं, आणि लिहायला पेन टेकवला. तिने माझं मनगट धरलं. तिच्या हाताला जोर नव्हता, पण धरलं.

"राहू दे, उद्या लिहा," ती म्हणाली. हसत होती. "सगळ्यात सुंदर चूक केलीत. मला नसती सुचली."

"अगो, खरंच विसरलो."

"हो हो. अर्धा मार्क कापला."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा व्हायच्या आधी, ती गेली.

आता चार वाजले की मला घरात बसवत नाही. स्टँडवर जाऊन बसतो. तिची जुनी पोरं, आता केस पिकलेली, भेटतात आणि बाईंच्या गोष्टी सांगतात. त्यांच्याशी मी बोलतो, पण वहीचं कुणाला सांगितलेलं नाही. वहीतल्या त्या चुका सोडल्या तर जन्मभर मी तिच्याशी एकही खोटं बोललो नाही, आणि शेवटचं जे खरं बोललो त्यावर तिने विश्वास ठेवला नाही. तिला वाटलं, मी तिला आणखी एक दिवस धरून ठेवतोय. सुरुवातीला मला याचं फार लागायचं. हल्ली वाटतं, तिने तेच खरं धरलं ते बरं झालं.