देव या शब्दाचा अर्थ

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात बोलण्यात गिरिजाचा हात धरणारं कोणी नव्हतं. नोकरी सॉफ्टवेअरची, पण सूत्रसंचालन असो की रुसवेफुगवे मिटवणं, सगळे तिलाच पुढे करत. आणि तिलाही ते आवडे, खोटं कशाला सांगा!

२००६च्या उन्हाळ्यात नेपरव्हिलचे बेहराम इराणी प्राचीन इराणवर बोलायला आले. मुलांसाठी ते इंग्रजीत बोलणार आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना गिरिजा मराठीत सांगणार, असं ठरलं. अध्यक्ष श्रीरंगने आधीच बजावलं, "कॉन्ट्रोव्हर्शियल काही नको हं, यार. सीनियर लोक अपसेट होतात."

बेहराम म्हणाले, आमच्या जरथुष्ट्राच्या धर्मात अहुर, म्हणजे तुमचा असुर, हा परमेश्वर. आणि देव म्हणजे सैतान. एका राजाने तर देवांची ठाणी मोडल्याचं दगडात कोरून ठेवलंय.

पहिल्या रांगेत सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. गिरिजाची जीभ कचरली. "अहुर म्हणजे त्यांचा सूर्यदेव," तिने ठोकून दिलं. "आणि राजाने दुष्टांची ठाणी मोडली." टाळ्या पडल्या.

बेहरामनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, पुढच्या काळात धर्मगुरू न्यायदानालाही बसत. पण त्याही आधीपासून राज्याचा मोठा शत्रू मानला जाई तो खोटेपणा. एका राजाने प्रार्थनाच कोरून घेतलीय: शत्रूच्या सैन्यापासून, दुष्काळापासून आणि खोट्यापासून या देशाला वाचव.

हे मात्र गिरिजाने शब्दन् शब्द सांगितलं. सांगताना तिचे कान तापले.

आभार मानायला श्रीरंग उठला. "आमचे बेहरामकाका म्हणजे अगदी देवमाणूस!"

सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. बेहरामनी हसून हात जोडले. धरणीने पोटात घ्यावं असं गिरिजाला झालं. त्यांना मराठी कळत नसेल, एवढ्या आशेवर तिने निभावून नेलं.

टाळ्या थांबल्यावर ते तिच्याकडे झुकले. "माझी शाळा पुण्याच्या कॅम्पातली, पोरी. मराठी येते मला."

गिरिजा पुटपुटली, "काका, सॉरी... या लोकांना माहीत नव्हतं."

"त्यांचं काय चुकलं? त्यांना कोणी सांगितलंच नाही."

तेवढ्यात सासूबाई कौतुकाने जवळ आल्या. "किती छान सांगितलंस गं!"

गिरिजाला मान वर करवेना.

"नाही, आई. आज आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्यांना सैतान म्हटलं. माझ्यामुळे."