अट्टोला मराठीत काय म्हणायचं

फोन आला तेव्हा मी दारासमोरचा बर्फ शोव्हल करत होते. या वयात करू नका म्हणून सगळे सांगतात, पण टपाल घेऊन येणारी बाई घसरून पडली तर ते बघवणार नाही, म्हणून मी थोडा थोडा काढते. मोबाइल कोटाच्या आतल्या खिशात, हातात जाडे मोजे, तो बाहेर काढेपर्यंत रिंग थांबली आणि लगेच पुन्हा वाजली. मिलिंद होता, माझा पुतण्या. "मोठी आई, बाबा गेले," एवढंच म्हणाला. दुपारचं जेवण झालं, नेहमीसारखे खिडकीपाशी वाचत बसले, सून चहा घेऊन गेली तर मान एका बाजूला कललेली… मी फावडं तिथेच बर्फात रोवलं आणि पायरीवर बसले. आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे, की आता तो शब्द कोण सांगणार. माणूस गेला आणि या बाईला शब्दाची पडली, असं तुम्हाला वाटेल. पण तो शब्द काय होता आणि कोणासाठी होता ते ऐकलंत, तर तसं वाटणार नाही.

यशवंतभाऊजी माझे धाकटे दीर. नागपूरच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर फिजिक्स शिकवलं. पुस्तकं इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, पण खेड्यापाड्यातून आलेल्या पोरांना समजायचं ते भाऊजींनी मराठीत सांगितलं की. जाऊबाई गेल्यावर मिलिंदने त्यांना इकडे हॅलिफॅक्सला आणलं. मी आधीच लेकीकडे आले होते, बंदराच्या पलीकडच्या काठावर. मध्ये फेरीबोट. हवा बरी असली की भाऊजी फेरीत बसून माझ्याकडे यायचे, माझ्या हातची वांग्याची भाजी खायचे आणि मला शिकवायचे. मी मॅट्रिकच्याही अलीकडे थांबलेली, पुढचं सगळं वाचून वाचून कमावलेलं, त्यामुळे मला शिकायची हौस आणि त्यांना शिकवल्याशिवाय चैन पडायचं नाही. दोघांचं बरं जमायचं.

त्यांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे मापांच्या आधी लागणारी ती छोटी नावं. किलो आपल्याला माहीत असतं, मिली माहीत असतं. पण किलोच्या वर मेगा, गिगा, टेरा अशी हजार-हजारपटीची शिडी चढत जाते आणि मिलीच्या खाली मायक्रो, नॅनो, पिको अशी तीच शिडी तळघरात उतरते. ते शिकले तेव्हा शिडी लहान होती, नोकरीत असताना ती वाढली, आणि ते इथे आल्यावर, अगदी अलीकडे, पुन्हा वाढली. त्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन. "वहिनी, चार नवीन आलेत." मी म्हटलं, "अहो, मग आधी सांगायचं, मी पोळ्या जास्त टाकल्या असत्या." ते इतके हसले की पलीकडून खोकल्याचाच आवाज येत राहिला. आलेले ते चार म्हणजे वर रोन्ना आणि क्वेट्टा, खाली रोन्टो आणि क्वेक्टो. नातवंडं झाल्यासारखी त्यांनी मला ती नावं ऐकवली. पुढे आम्ही ग्रोसरीला गेलो की बटाट्याच्या ढिगापाशी उभं राहून म्हणायचे, "वहिनी, या पृथ्वीचं वस्तुमान सहा रोन्नाग्रॅम. आणि हे लोक अजून बटाटे पाउंडात मोजतात." लोक वळून बघायचे. मी आपली पिशवी भरत राहायची.

मीही त्यांना काही दिलं बरं का. शाळेत आम्हाला एकं, दहं, शतं, सहस्र असं परार्धापर्यंत पाठ करून घेतलं होतं, ते मला आजही झोपेतून उठवलं तरी येतं. भाऊजी त्यातलं अर्धं विसरले होते. मी म्हणायची, ते बोटं मोडायचे. गिगा म्हणजे आपलं अब्ज निघालं, टेरा म्हणजे महापद्म, पेटा म्हणजे अंत्य. अंत्य म्हणजे शेवटचं, तरी त्याच्यापुढे आपल्या माणसांनी अजून दोन नावं ठेवलीच, यात त्यांना फार मौज वाटली. मग म्हणाले, पण हे सगळं वर चढणारं झालं. खाली उतरायला अशी पाठ करायची शिडी आपल्याकडे नाहीच की. हे मात्र त्यांना खुपलं… कारण ईशा खाली होती.

ईशा म्हणजे मिलिंदची मुलगी, भाऊजींची एकुलती नात. इथल्याच युनिव्हर्सिटीत ती प्रकाशावर काम करते, म्हणजे इतक्या थोड्या वेळापुरता प्रकाश पाडायचा की त्यात इलेक्ट्रॉनची हालचाल पकडता यावी. तो वेळ अट्टोसेकंदात मोजतात. अट्टो हे त्या खालच्या शिडीवरचं नाव, नॅनोच्याही तीन पायऱ्या खाली. एकदा रविवारी जेवताना ती हे सगळं भराभर इंग्रजीत सांगत होती. भाऊजींना विषय येत होता, पण तिचं इथलं बोलणं, तो वेग, शिवाय कान जरा कमी. त्यांनी विचारलं, "पार्डन?" तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा "पार्डन?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती हसली, त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "नेव्हर माइंड, आबा." प्रेमानेच म्हणाली हो. तिच्या मनात काही नव्हतं, वरण वाढून घेतलं आणि दुसरं काही बोलायला लागली. पण मी भाऊजींच्या शेजारी बसले होते. जन्मभर ज्या माणसाने वर्गात 'जाऊ दे, तुला नाही समजणार' हे एकाही पोराला म्हटलं नाही, त्याला स्वतःच्या नातीने ते म्हटलं होतं. घास हातात तसाच राहिला त्यांचा.

त्यानंतर फेरीने आले ते ठरवूनच आले. म्हणाले, "वहिनी, मला एकदा तिच्याशी तिच्या कामावर बोलायचंय. पूर्ण. आणि मराठीत. तिच्या इंग्रजीत मी अडखळतो, मराठीत मी कोणाला हरणार नाही." मी म्हटलं, मग बोला की, अडलंय कुठे. तर अडलं होतं शब्दांवर. तिच्या कामातले शब्द मराठीत नाहीत, म्हणून पोरगी मराठीत बोलत नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. शब्द तयार करून तिच्यासमोर ठेवले की ती बोलेल. म्हणून त्या संपूर्ण शिडीला, क्वेट्टापासून क्वेक्टोपर्यंत, मराठी नावं द्यायची. कागदावर काही नाही, सगळं तोंडी. नाव तोंडात बसतं का ते बघायचं, म्हणायचे, आणि ते बघायला माझं तोंड हाताशी होतं.

वरची बाजू झटपट झाली. पृथ्वी सहा रोन्नाग्रॅमची, म्हणून रोन्नाला धरा. गुरू ग्रह दोनएक क्वेट्टाग्रॅमचा, म्हणून क्वेट्टाला गुरू. झेट्टा आणि योट्टालाही काहीतरी छान ठरलं होतं, ते आज मला काही केल्या आठवत नाही… खाली उतरताना मात्र गाडी अडली. अणू म्हणावं तर तो अ‍ॅटमला दिलेला, रेणू मॉलिक्यूलला, कणही कुठेतरी बांधलेला. पाठ्यपुस्तकांनी सगळं बारीकसारीक आधीच वाटून टाकलंय, म्हणून ते चिडायचे. मी स्वयंपाकघरातून शब्द पुरवायची. मोहरी घ्या, राजगिरा घ्या, खसखस घ्या. "खससेकंद?" ते म्हणायचे. "वहिनी, पोरीला शिंका येतील." मी म्हणायची, तुमच्या त्या क्वेक्टोने काय तिला पान्हा फुटणार आहे का? असे भांडत आम्ही हिवाळा काढला. मिलीला गुंज त्यांनी मान्य केली, सोनाराचं वजन म्हणून. नॅनोपर्यंत कसेबसे आलो. अट्टो काही सापडेना, आणि ईशाला लागणारा नेमका तोच.

आणि गंमत बघा, गंमत कसली… याच दिवसांत ईशा त्यांना बोलावत होती. "आबा, लॅब बघायला येता?" असं मराठीत विचारलं तिने, मी होते तिथे. भाऊजींचा चेहरा उजळला आणि लगेच सावध झाला. म्हणाले, येतो ना, पुढच्या महिन्यात येतो. नंतर मला म्हणाले, अट्टोचं झाल्याशिवाय कसा जाऊ? तयारी न करता वर्गात पाऊल टाकलं नाही मी कधी. पुढचा महिना आला, तेव्हा बर्फ फार होता. त्याच्या पुढे तिची परीक्षा आली. तिने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा पुढे ढकललं. मी त्यांना म्हटलंही की भाऊजी, नुसतं अट्टो म्हणा, तीही अट्टोच म्हणते, आणि जा. ते म्हणाले, "नाही वहिनी. एकदा 'नेव्हर माइंड' ऐकलंय. दुसऱ्यांदा नाही ऐकायचं मला." 

शेवटचे भेटले ते गेले त्याच आठवड्यात. फेरीतून उतरले ते हसतच. कोटही काढला नाही, दारातच म्हणाले, सापडलं. मी विचारलं, काय? तर लहान मुलासारखे ओठ मिटून घेतले. "आधी ईशाला. रविवारी ती घरी येतेय, तिला सांगतो, मग तुम्हाला फोन करतो. तुमच्या डब्यातलं नाही, एवढं सांगतो." त्या दिवशी भाजीही दुसऱ्यांदा मागून घेतली. जाताना सुनेसाठी बांधून नेली. तो रविवार यायचाच राहिला.

भाऊजींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आपली बरीच माणसं जमली होती, वंदना झाली, दोघा-तिघांनी त्यांच्या शिकवण्याबद्दल सांगितलं. मी शब्दाबद्दल कोणाकडे काही काढलं नाही. सगळे पांगल्यावर ईशा मला हात धरून बेसमेंटमधल्या त्यांच्या खोलीत घेऊन गेली. तिला तिच्या आईकडून अर्धवट काहीतरी कळलं होतं. आम्ही पलंगावर बसलो. तिने विचारलं, "आजी, ते वर्ड काय होतं? अट्टोसाठी?" मला वाटलं, काहीतरी सांगून टाकावं. एखादा गोड शब्द, पोर आयुष्यभर जपेल. पण ते भाऊजींचं झालं नसतं. म्हटलं, बाळा, मला नाही माहीत. ते आधी तुलाच सांगणार होते.

 ती म्हणाली, "मला वर्ड नको होतं, आजी. मला वाटलं आबांना माझं काम बोरिंग वाटतं. म्हणून ते येत नाहीत."

मी तिचा हात हातात घेतला. मग तीच सांगायला लागली, तुटकतुटक, मध्येच थांबून शब्द शोधत. म्हणाली, आजी, एका सेकंदात जेवढे अट्टोसेकंद असतात ना, तेवढे सेकंद हे युनिव्हर्स सुरू झाल्यापासून पण नाही झाले. लाइट किती फास्ट जाते, पण एका अट्टोसेकंदात ती एक अणू कशीबशी पार करते, बस. आणि मी त्याच्या आत बघते. क्रियापदं चुकत होती, प्रकाशाची बाई होत होती, निम्मं इंग्रजी होतं, तरी ती थांबली नाही. लेझर कुठून येतो, आरसे किती साफ ठेवावे लागतात, पहिल्यांदा सिग्नल दिसला तेव्हा ती लॅबमध्ये एकटीच कशी रडली, हे सगळं तिने सांगितलं. एवढं सलग मराठी मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. कोणीच ऐकलं नसेल.

मी मान हलवत होते. मला त्यातलं फारसं काही कळत नव्हतं. भाऊजी असते तर लगेच मध्ये थांबवलं असतं, "म्हणजे असं म्हणायचंय का तुला?" म्हणून तिचंच तिला सोपं करून परत दिलं असतं आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला असता. त्यांना सगळं समजलं असतं. तिने कुठल्याही भाषेत सांगितलं असतं तरी, नुसतं अट्टो म्हटलं असतं तरी.

सांगून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "समजलं?"

मी म्हटलं, समजलं.