चित्रात नसलेलं दार

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अमावस्येला चौकातलं लिंबू ओलांडून भाजी आणणारी बाई मी... तरी हे लिहितेय, कारण या वयात बढाई मारायची संधी सोडवत नाही!

पुलगावात आमचं कापडाचं दुकान. गादीच्या वर पेन्सिलीनं काढलेली जुनी चित्रं टांगलेली आहेत — आजेसासऱ्यांनी कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेली. समुद्रकाठचं एक आलिशान हॉटेल. कमानी, सज्जे, वर मनोरा. तेव्हा मी नवी नवरी, समुद्र कधी बघितलेला नाही. लाटांच्या रेघा बघून सासूबाईंना विचारलं, "नांगरलेल्या वावरात एवढा बंगला काऊन बांधला?" अख्खं दुकान हसलं. अशी मी हुशार!

दुसऱ्यांदा सगळे हसले ते दारावरून. एका चित्रात मनोऱ्याखालच्या भिंतीत, खांबाला चिकटून, मला एक ठेंगणं दार दिसायचं. बाकी सगळ्यांना कोरी भिंत. सासूबाई म्हणाल्या, "इले चष्मा लावून द्या रे." लावला. दार आणखीच स्पष्ट दिसू लागलं! मग मी तोंड मिटून बसले. बावळट कुठली...

गेल्या वर्षी नात ऋचा घरी आली ती रडवेली होऊन. ती जुन्या इमारती दुरुस्त करते. कोकणातलं तिचं पहिलंच काम, आणि ते नेमकं चित्रातलं हॉटेल! मनोऱ्यावर जायला जिनाच सापडत नव्हता, म्हणून मालक मनोरा पाडायला निघालेला.

"चित्रातही रस्ता नाही गं, आजी."

"दार आहे ना, त्या खांबापाशी."

"भिंत आहे ती!"

"तुह्यासाठी असन. जाऊन ठोकून तर पाह्य."

मग एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना, तिचा व्हिडिओ कॉल. मी चित्राकडे बघत सांगू लागले, "डावीकडं सरक... अजून... हां, ठोक!" पोकळ आवाज आला. गिलावा पडला. मागे ठेंगणं दार — आणि आत वर जाणारा गोल जिना! ऋचा तिकडे किंचाळली, मी इकडे. गिऱ्हाइकानं घाबरून भाव न करताच साडी घेतली.

मनोरा वाचला. आमचे हे गल्ल्यावरून म्हणाले, "तुले कसं दिसलं वं?"

"तुमच्या आईनं चष्मा लावून देला न!"

घरी आल्यावर ऋचानं ते चित्र चौकटीतून काढलं, भिंगाखाली धरलं. खोडल्याची खूणसुद्धा नाही. मग मला कसं दिसलं — कोण जाणे. आणि सांगू? त्या दुपारपासून चित्रातलं ते दार मला उघडं दिसतं.

डोळे तपासून आले. नंबर तोच आहे.