डार्करूममधल्या दोघी

अंधारात बसून काम करणाऱ्यांकडे किस्से जास्त जमतात बघा. डोळ्यांना काम नाही, मग तोंड सुटतं! आमच्या नागपूरच्या लॅबमध्ये तर आम्ही दोघीच, मी आणि पल्लवी. कणांचा शोध घेणाऱ्या मोठ्या यंत्रांसाठी नवे सेन्सर तपासायचो. नखाएवढी चिप, पण प्रकाशाचा एक कण पडला तरी ओळखणार! म्हणून सगळं काम काळ्याकुट्ट खोलीत. आता पल्लवी इथे नाही. मी एकटीच असते, म्हणून तुम्हाला सांगत बसले.

*

एकदा बंद पेटीतला सेन्सर सारखा प्रकाश दाखवायला लागला. दिवसभर आम्ही फटी शोधल्या, काळी टेप चिकटवली, एकमेकींवर खेकसलो. शेवटी पेटी पार रिकामी केली, तर वायरींच्या मागे पल्लवीच्या आजोबांचं जुनं रेडियमचं घड्याळ!

"अवं, हे मी घरभर शोधून राहिली होती नं!"

*

हे सेन्सर तापले की अंधारातही खोटे सिग्नल देतात, म्हणून ते थंड पेटीत ठेवायचे. मे महिन्यात आमच्या विभागप्रमुखांनी हळूच विचारलं, "त्या पेटीत जागा आहे का? ताक ठेवायचं होतं."

पल्लवी म्हणाली, "सर, ताक चावून खावं लागेल!"

"चालते नं बापा!"

*

पल्लवीची आई उमरेडहून आली होती. खोली दाखवली, म्हणजे काय दाखवणार? दार लावून दिवा घालवला.

"काहीच दिसून नाही राहिलं वं."

"आई, तेच तर आमचं काम आहे."

काकूंनी चाचपडत भिंत धरली. मग म्हणाल्या, "पाहायले येणाऱ्या पाहुण्यायले काय सांगू मी? पोरगी अंधारात बसते म्हणू?"

*

मग पल्लवीला परदेशात नोकरी लागली. हे सेन्सर जिथे बसणार, तिथेच. तिनं जाऊ नये असं मला फार वाटत होतं, खोटं कशाला बोलू? तोंडानं मात्र म्हटलं, "जा वं, काहून विचार करून राहिली?" आणि ती खरंच गेली की!

*

अंधारात धडक बसू नये म्हणून आमचा एक नियम होता. उठलं की बोलायचं. एकीनं म्हणायचं, "मी डावीकडून येऊन राहिली!" दुसरीनं म्हणायचं, "ये, रस्ता मोकळा!"

परवा काम संपवून उठले आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "मी डावीकडून येऊन राहिली!"

मग तिथेच उभी राहिले.

बाहेर कुलूप लावायला आमचे शिपाई देवरावभाऊ थांबले होते. दाराआडून त्यांचा आवाज आला,

"या नं मॅडम. सारा रस्ता मोकळाच आहे!"