दाराशी खाकरून

आमच्या वाटूरला जुनी माणसं घरात शिरायच्या आधी दाराशी खाकरतात. आतली बाई केस विंचरत बसलेली असेल, तिला पदर सावरायला तेवढी सवड मिळावी म्हणून. आण्णा, म्हणजे माझे वडील, फाट्यावरच्या दुकानातून कितीही वेळा घरी आले तरी प्रत्येक वेळी खाकरत. आतून आई म्हणायची, "कळलं, या." लहानपणी मला वाटायचं, आण्णांना कायमचाच खोकला आहे.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी त्यांना माझ्याकडे अॅरिझोनाला घेऊन आले. एकुलती एक लेक मी. तिकडे ते एकटेच भाकरी थापून खाणार आणि फोन उचलला नाही की इकडे माझा जीव टांगणीला. आता त्यांनी कायमचं माझ्याजवळ राहावं, एवढंच मला हवं होतं. विषय काढला की ते म्हणत, बघू. आण्णांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला जन्मापासून ठाऊक आहे; पण हट्टात मीही त्यांचीच मुलगी.

एका रविवारी मी त्यांना वाळवंटातलं एक जुनं गाव दाखवायला नेलं. तिथं पूर्वी तांब्याची खाण होती. तांबं संपलं तशी माणसं बिऱ्हाडं उचलून निघून गेली. घरं, शाळा, दुकानं तशीच जपून ठेवली आहेत आणि लोक तिकीट काढून ती बघायला येतात. आण्णांनी जन्मभर पहारी, कुदळी, घमेली विकली. ते इथं रमतील असा माझा हिशेब होता. आणि रमलेच. काचेमागची कुदळ बघून म्हणाले, दांडा बाभळीचा नाही, टिकायचा नाही. मी म्हटलं, शंभर वर्षं टिकलाय की. तर म्हणे, वापरतंय कोण, मग टिकणारच.

मग खाणकामगारांची घरं लागली. पहिल्याच दाराशी आण्णांनी चपला काढल्या आणि चांगलं मोठ्यानं खाकरले. मागून येणारे टोपीवाले पर्यटक जागीच थबकले. मी हळूच म्हटलं, आण्णा, इथं आता कोणी राहत नाही. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या दाराशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही दाराशी तेच. जमीन तव्यासारखी तापलेली, लोक बघताहेत, आणि आमचे वडील अनवाणी उभे राहून रिकाम्या घरांना वर्दी देताहेत. माझं डोकंच फिरलं. चपला तरी घाला, म्हणून मी खेकसले. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शेवटच्या घरात स्वयंपाकघर तसंच मांडून ठेवलं होतं. लोखंडी चूल, वर किटली, खुंटीला बाईचा एप्रन. आण्णा दाराशी खाकरले आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की खाकरल्यावर ते लगेच आत जात नव्हते. मान जरा कलती करून थांबत होते.

मी विचारलं, कशाची वाट बघताय?

"सवय झाली, माय," ते म्हणाले. "तुझी आई गेली, तरी मी रोज कुलूप काढतो, खाकरतो, जरा थांबतो, मंग आत जातो. तेवढं थांबलं की वाटतं, हाय ती आत."

मग त्या एप्रनकडे बघत म्हणाले, "मी इकडंच राह्यलो, तर आपल्या दाराशी कोण खाकरंल?"

डॉक्टर, गुडघे, रक्तदाब, सगळ्यांवर माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. त्या घराच्या सावलीत पायरीवर बसून आम्ही डब्यातले धपाटे खाल्ले. दिवाळीच्या आधी मी तुम्हाला स्वतः सोडायला येते, असं मी सांगितलं. आणखी एक तुकडा मोडून ते म्हणाले, धपाटे बराबर जमलेत, फक्त आईपेक्षा तिखट कमी पडलंय. एवढ्या खुशीत मी त्यांना आल्यापासून पाहिलं नव्हतं.

कबूल केल्याप्रमाणे दिवाळीच्या तोंडावर आम्ही जालन्याहून जीपनं वाटूर फाट्यावर उतरलो. बॅगा ओढत मीच पुढं होते आणि किल्लीही माझ्याकडेच होती. दाराच्या कडीवर धूळ साचली होती. कुलूप काढलं, दार ढकलायला हात लावला आणि मग आठवण होऊन बाजूला सरले.

आण्णांनी पायरीखाली चपला काढल्या आणि खाकरले. आत पदर सावरायला लागतो तेवढा वेळ आम्ही दोघंही दाराबाहेर उभे राहिलो.