बेसचे तीन डबे आणि धुळ्याचं स्थळ

सर्व संबंधितांस, विशेषतः ज्यांच्या घरात खोल आवाजाची आवड आणि लग्नाचा मुलगा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नांदत आहेत त्यांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बेसच्या डब्यात भरायच्या कापसातली सरकी आधी काढलेली असावी. ही सूचना मी उगाच देत नाही. ती न पाळल्यामुळे माझ्या थोरल्या भावाचं लग्न एका दुपारी धुळ्यात टांगणीला लागलं होतं, आणि तो कापूस भरणारी मीच होते.

नव्वदीची सुरुवात होती. दादाचं जळगावात रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं. तेव्हा ज्याच्या घरी डेक त्याला बेस हवाच, असा सगळ्या गावाचा हट्ट होता. बेस म्हणजे छातीत धपकन बसणारा आवाज. तो काढायला वेगळा मोठा स्पीकर लागे आणि त्या स्पीकरला लाकडी डबा. दादा असे डबे स्वतः बनवायचा. केळीच्या बागेत पाण्यासाठी टाकलेल्या पाइपचा वीतभर तुकडा तो डब्याच्या तोंडाशी बसवायचा. आवाज त्यातून श्वास घेतो म्हणायचा. नाना, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, "तो श्वास घेतो आणि आमचा कोंडतो."

पारोळ्याला नात्यातल्या एका लग्नात ऐन वेळी लाऊडस्पीकर बंद पडला. दादानं मंडपामागं जाऊन तो दुरुस्त केला. तो काम करत होता तोवर धुळ्याची एक मुलगी बॅटरी धरून उभी होती. काम झाल्यावर ती म्हणाली, "आधी कर्कश होता, आता बरा लागतोय." बस, एवढंच. पण दादा घरी आला तो निराळाच होऊन. चहात साखर आहे की नाही हे त्याला चार दिवस कळत नव्हतं. शेवटी मीच नानांना सांगितलं आणि नानांनी मध्यस्थामार्फत विचारणा केली.

मुलीचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचं काम करून निवृत्त झालेले. संध्याकाळी भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांचा निरोप आला तो असा: "रेडिओवाल्यांवर माझा भरवसा नाही. हे लोक एक सुटा भाग काढतात, दुसरा घालतात आणि मान डोलावतात. मुलगा स्वतः डबे बनवतो म्हणे. एक घेऊन या. माझ्या घरात दोन आहेत, त्यांच्या शेजारी ठेवून ऐकू. मग पोहे."

नाना भडकले. "मुलगी बघायला चाललोय की प्रदर्शनाला?" पण दादाच्या डोळ्यांत अशी चमक आली की नाना धुळ्याच्या एसटीची वेळ विचारायला निघाले.

आठ दिवसांत नवा डबा झाला. शेवटचं काम आतून सरकी काढलेली रुई लावण्याचं होतं, म्हणजे आवाज लाकडावर आपटून फाटत नाही. दादा स्पीकर आणायला बाहेर पडताना मला म्हणाला, "जिनवरून रुई आण आणि भर, मी आलो की मागची फळी लावतो." जिन गावाबाहेर. ऊन मी म्हणत होतं. आणि आमच्या खाटेखाली शेतातल्या कापसाचं गाठोडं पडलेलं होतं, शुभ्र, मऊ. मी विचार केला, कापूस तो कापूस. सरकीसकट भरला, वरून हात फिरवला, अगदी गादीसारखा दिसत होता. दादानं आल्यावर फळी लावून टाकली.

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "यात काय?" नाना म्हणाले, "नवरदेवाचं प्रगतिपुस्तक." त्यानं डब्याचं सामानाचं तिकीट फाडलं. एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत रस्त्यानं तो डबा असा काही हलवला की दादा अख्खा वेळ त्यावर हात ठेवून बसला होता, तान्ह्या मुलावर ठेवावा तसा. आई बरोबर नव्हती. आमच्याकडं आई पसंती झाल्यावर दुसऱ्या खेपेला जायची.

आबांच्या बैठकीत दोन डबे आधीच मांडलेले होते. एक आबांचा स्वतःचा, धुळ्यातच सुताराकडून करून घेतलेला, पंधरा इंची स्पीकरचा, एवढा मोठा की त्यावर घडी केलेल्या गोधड्या ठेवत. दुसरा त्यांच्या पुतण्यानं मुंबईहून आणलेला तयार माल, काळा, चकचकीत, समोर लाल दिवा. त्याच्या किमतीत दादाचे तीन डबे झाले असते. तिसरा आमचा, कोपरे पॉलिश न केलेला.

आबांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून तीन रकाने आखले: आवाज, खोली, किंमत. अँप्लिफायर एकच, कॅसेट एकच. कॅसेट त्यांच्याच भजनी मंडळाची, पखवाज त्यांचाच. परीक्षक, परीक्षेचा पेपर आणि एक परीक्षार्थी, तिन्ही आबाच. दादानं ते पाहिलं आणि घाम पुसला.

मला मुलीच्या आईनं, अक्कांनी, आत स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. मुलगी तिथं पोह्यांना फोडणी देत होती.

पहिला आबांचा डबा सुरू झाला. मी दारातून डोकावले. आबांनी डब्यावर ताटलीत तूरडाळ ठेवली होती, ती टणाटण उडत होती. आबा समाधानानं ताटलीकडं बघत होते. आत फळीवरची भांडी थरथरली.

"बठ्ठा भांडा वाजी ऱ्हायनात," अक्का म्हणाल्या. "रोजचंच आहे. मी पितळी डबे आता खालीच ठेवते."

दुसरा, मुंबईचा. बैठकीतून छान, स्वच्छ आवाज आला, पण खोल ठोका काही स्वयंपाकघरात पोचला नाही. पखवाजाची जणू ढोलकी झाली होती.

मग आमचा. आधी काहीच नाही. मग भिंतीतून, जमिनीतून, गुळगुळीत असा एक खोल ठोका आला. एकही भांडं हललं नाही. मुलीच्या हातातलं उलथनं थांबलं. ती म्हणाली, "आई, हा आबांचा डावा हात. कणीक लावलेली बाजू. ही कॅसेटमध्ये होती?"

मी मनातल्या मनात अक्षता टाकल्या. दादानं मला एकदा समजावलं होतं, वरचा आवाज भिंतीला अडतो, खोल आवाज पलीकडं जातो. म्हणजे डबा जिंकला. मी मिरवत बैठकीत गेले.

आणि तिथं प्रत्येक ठोक्यामागून येत होतं, खुळ खुळ खुळ.

मोठं नव्हतं. पण पाळण्यावरचा खुळखुळा पखवाजाच्या साथीला बसावा तसं होतं. एसटीच्या धक्क्यांनी सुटलेली सरकी डब्याच्या तळाशी नाचत होती. दादाचा चेहरा कागदासारखा झाला. नाना छताकडं बघू लागले.

आबांनी कॅसेट थांबवली. स्क्रू काढायला सांगितले. मागची फळी निघाली. आबांनी आत हात घालून मूठभर कापूस बाहेर काढला, उजेडात धरला, चिमटीत ओढून त्याचा धागा पाहिला. आयुष्यभराची सवय.

"हाई काय शे, भाऊ?" त्यांनी दादाला विचारलं. "धागा चांगला आहे. लांब आहे. पण सरकीसकट? डबा बनवलाय की गाठोडं बांधलंय?"

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात दादा म्हणाला, "चुकलो, आबा. मीच भरला."

त्या क्षणी मला दादाच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं आणि डब्यात शिरून फळी लावून घ्यावीशीही वाटली.

आबांनी हातातला कापूस डब्यावर ठेवला. मग आत बघून म्हणाले, "अक्का, सूप आणा. चादर आणा. वाती करायला बसता तशा बसा सगळ्या." आणि आमच्याकडं वळून, "तुम्हीही बसा. खराब माल तपासायचा नाही, आधी साफ करायचा."

अशा रीतीनं मुलगी बघण्याचा कार्यक्रम चादरीवर सुरू झाला. पोह्यांच्या बशा बाजूला, मधे कापसाचा ढीग, भोवती आम्ही सगळे सरकी काढत. दादा आणि मुलगी समोरासमोर. नानांचा अंगठा दुखू लागला, पण पाहुण्यानं आधी उठायचं कसं, म्हणून ते काढत राहिले.

"मुलीला काही विचारायचं असेल तर विचार," नाना दादाला म्हणाले.

दादानं बराच विचार करून विचारलं, "निघतेय का नीट?"

"निघतेय," ती म्हणाली. "तुमच्याकडं डबे असेच भरतात का?"

"नाही. आज पहिल्यांदाच."

"मग आमचं नशीब," ती म्हणाली, आणि अक्कांनी तिला कोपरानं ढोसलं.

थोड्या वेळानं ती माझ्याकडं सरकली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही भरला ना? ते 'मीच भरला' म्हणाले तेव्हा तुमचीच मान खाली गेली." मी सुपात तोंड घातलं.

कापूस परत भरला, या वेळी दादानं स्वतः. फळी बसली. आबांनी कॅसेट लावली. खुळखुळ गेली होती. पण आबा ताटलीतली डाळ बघत बसले, आणि डाळ फारशी उडेना.

दादानं त्या दिवशी पहिल्यांदा धीर केला. "आबा, डाळ आवाजाचा जोर सांगते. खोली सांगत नाही. खोली ऐकायला लांब जायचं. मागच्या अंगणात उभे राहा."

आबा उठले, स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात गेले. आम्ही तिन्ही डबे पाळीपाळीनं लावले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा वाचता येईना. त्यांनी पेन्सिल घेतली. आवाजाच्या रकान्यात स्वतःच्या डब्याला पहिला नंबर दिला, आणि तो खराच होता, तेवढा दणका दुसऱ्या कुणाचा नव्हता. किमतीत आमचा पहिला, मुंबईचा शेवटचा. मग खोलीच्या रकान्यावर पेन्सिल अडली. आपला स्वतःचा डावा हात एवढी वर्षं आपल्याच घरात आपल्याला ऐकू आलेला नव्हता, हे कागदावर लिहायचं म्हणजे सोपं नव्हतं. शेवटी त्यांनी तिथं आमच्या डब्यापुढं एकचा आकडा लिहिला, बारीक, जेमतेम दिसेल असा.

मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "ठीक आहे. चार दिवसांत पत्र टाकून कळवतो."

पत्र टाकून कळवतो म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. नाना "बरं, बरं" म्हणत टोपी शोधू लागले. दादानं कुणाकडंही न बघता डब्याची वायर हाताभोवती गुंडाळायला घेतली, फार नीट, फार सावकाश. मी डब्याची एक बाजू धरली. अक्का आबांकडं बघत होत्या आणि आबा कॅलेंडरच्या पानाकडं.

मुलगी दारात होती. तोवर ती आमच्याशी पाहुण्यांशी बोलायची शुद्ध मराठी बोलत होती. आता मात्र ती थेट वडिलांकडं वळली आणि घरच्या बोलीत, पोह्यांची बशी एका हातात तशीच धरून, दुसऱ्या हातानं बैठकीचा कोपरा दाखवत म्हणाली, "आबा, डबा आठेच ऱ्हाऊ द्या ना. लगीनमा परत कोन उचलीसन आनी?"