न वाटलेला बांध

पेणच्या नोंदणी कार्यालयाबाहेर बाकावर तो म्हातारा माझ्या शेजारी बसला होता. खाडीकाठचा शेतकरी. डोळे अर्धे मिटलेले, आणि तळहाताने बाकाची कड सारखी थापत होता, जणू ओला चिखल बसवतोय. त्या संथ थापांनी मलाही गुंगी येऊ लागली. भर दुपारी कुठूनसा भरतीचा वास आला.

मी मृत्युपत्र करायला आलो होतो. वडिलांनी सगळी जमीन भावाला दिली होती. रोह्यातलं दुकान मी रिकाम्या हातांनी उभं केलं. आता उलटून बोलणाऱ्या थोरल्या मुलाला मी त्यातून वगळणार होतो.

दुकानासोबत मी जमिनींचे व्यवहारही करतो; त्या सवयीने म्हटलं, “काका, खारजमीन विकायची असेल तर सांगा. भाव चांगला देईन.”

“जमीन पोरांना वाटली, शेट. त्यांना इचारा. खाडीचा बांध मात्र वाटला नाय. तो सगल्यांचा.”

“का?”

“तुकडे केले तर भांडणात एखादा फुटंल. खारं पाणी मग सगल्यांच्याच भातात.”

मी चिडून विचारलं, “आणि एखादा पोरगा उलटून बोलणारा असेल तर?”

“त्याच्या हाती आधी घमेलं द्यायचं,” तो हसला. “रागानं चिखल चांगला थापतो.”

माझा पुकारा झाला. तो पुन्हा डोळे मिटून बाक थापू लागला होता.

वडिलांवरचा राग अजून तसाच आहे. मृत्युपत्रात दुकान मात्र दोन्ही मुलांचं, न वाटलेलं.